डीपीचा सा

डिसेंबर लागला की तळेगाव ढमढेरे गावातून उसाच्या ट्रॉल्या जायला लागतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ट्रॉलीबाहेर लोंबणारी शेंड्यांची हिरवी वाढी, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर दोन दणदणीत स्पीकर. ट्रॅक्टर दिसायच्या आधी गाणं येतं आणि ट्रॅक्टर वळून गेला तरी त्याचा ठोका मागे रेंगाळतो. शेजारच्या वहिनी कानांवर हात ठेवतात. मी ठेवत नाही. जन्मभर शाळेत संगीत शिकवत आले आहे. आता कुठलाही आवाज कानावर पडला की त्याची पट्टी कोणती हे डोकं मला न विचारताच शोधायला लागतं. कुकरच्या शिट्टीची, एसटीच्या हॉर्नची, नवऱ्याच्या घोरण्याचीसुद्धा. जित्याची खोड आहे, जायची नाही.

यंदा हंगाम सुरू झाला आणि मला वडगाव रासाईचा एक हिवाळा आठवायला लागला. तसा तो दर वर्षीच आठवतो. पण दर वर्षी तो आठवला की मनात एक हुरहूर राहायची, एखादा दिवा चालू ठेवून घराबाहेर पडल्यासारखी. यंदा ती गेली. ती कशी गेली ते सांगायचं तर आधी तो हिवाळा सांगायला हवा.

वडगाव रासाई भीमेच्या काठाला. तेव्हा मी तिथल्या शाळेत होते. सकाळी नदीकडून धुकं यायचं, आणि प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलांच्या तोंडातून शब्दांबरोबर वाफही यायची. ऊस तुटायला लागला की गाव एकदम मोठं व्हायचं. कालपर्यंत जिथे हिरवी भिंत होती तिथून आज लांबचा बांध, त्यापलीकडचं बाभळीचं झाड, त्याखालची मेंढरं, सगळं दिसायला लागायचं. मुलांच्या हातात उसाची कांडी आणि खिशात हुरडा. त्याच चिकट बोटांनी ती पेटीला हात लावायची आणि मी ओरडायचे. पेटीच्या पट्ट्या ओल्या फडक्यानं पुसणं हे माझं त्या दिवसांतलं रोजचं काम होतं.

पहिली ते नववी, सगळे वर्ग माझ्याकडे. त्यामुळे एक गोष्ट मला दिसायची, ती वर्गशिक्षकांना दिसत नसे. पहिलीतली मुलं गात नाहीत, ओरडतात, पण सगळी ओरडतात. तिसरी-चौथीत त्यांना ताल सापडतो, मग बाकांचं काही खरं नसतं. पाचवीत कोणीतरी कोणाच्या तरी आवाजाला हसतं आणि एक मूल कायमचं गप्प होतं. आठवीत मुलांचे आवाज फुटतात. काल पुढे बसून गाणारा आज मागच्या भिंतीला टेकून बसतो. मी त्याच्या हातात झांज देते, तो वाजवतो, पण नजर वर करत नाही. नववीतल्या मुलींना घरून सांगितलेलं असतं की एवढ्या मोठ्यानं हसू नये, आणि ते गाण्यालाही लागू आहे असं त्या आपल्या आपण ठरवून टाकतात. दहावीत तर वेळापत्रकातून संगीताचा तासच जातो आणि तिथे गणिताचा जादा तास येतो. वर्ग तेवढाच राहतो, आवाज मात्र कमी होत जातात. आमचे तेव्हाचे मुख्याध्यापक म्हणायचे, संगीत हवंच, मुलांना फ्रेश वाटतं. जणू मी तासाला लिंबूसरबत वाटत होते.

आमच्या शाळेत तानपुरा नव्हता. पेटी होती, पण तिचा भाता उंदरांनी कुरतडला आणि ती दुरुस्तीला शिरूरला गेली. ती येईपर्यंत मुलांना सा कशावर द्यायचा, या विवंचनेत मी वर्गात उभी होते. तेवढ्यात दुसरीतल्या एका मुलीनं खिडकीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "बाई, तिकडं वाजतंय की."

खिडकीबाहेर, शाळेच्या भिंतीला लागून, दोन खांबांवर विजेचा ट्रान्सफॉर्मर होता. गावात त्याला सगळे डीपी म्हणतात. नदीवरच्या मोटारींना वीज तिच्यातूनच जायची. ती दिवसभर गुणगुणत असायची. इतकी वर्षं मी तिच्या शेजारी शिकवत होते आणि तो आवाज बंद व्हावा म्हणून मनात चरफडत होते. त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला. खालचा सा, त्याच्यावर हलका वरचा सा, आणि लक्ष देऊन ऐकलं तर त्याहून वर कुठेतरी पंचमसुद्धा. मी मुलांना म्हटलं, चला, हिच्यात आवाज मिसळा.

मिसळले. असे मिसळले की पेटी परत आली तरी मुलं आधी डीपी ऐकायची आणि मग तोंड उघडायची. मी पेटीची चौथी काळी पट्टी, म्हणजे काळी चार, दाबून पाहिली, ती डीपीशी तंतोतंत जुळली. म्हटलं, उत्तम, आपली पट्टी काळी चार. मला तेव्हा आनंदच झाला होता. भारनियमनात वीज गेली की गुणगुण थांबायची आणि वर्गातून आवाज यायचा, "बाई, सा गेला." मुख्याध्यापकांना हे काही केल्या समजत नसे. लाइट गेल्यावर मुलं गायची का थांबतात, हे त्यांनी एकदा मला गंभीरपणे विचारलंही होतं.

त्या हिवाळ्यात शीतल नववीत होती. पाचवीत गप्प न झालेली आणि नववीतही न लाजलेली अशी मुलगी मला तेवढी एकच मिळाली होती. आवाज फार मोठा नव्हता, पण तो लावला की जागेवर बसायचा. हातातलं काम न थांबवता ती गायची. वर्ग झाडताना, सायकलची हवा तपासताना. पण शाळेत जिनं गाणं नववीपर्यंत आणलं, तिचंही पुढच्या वर्षी बंद होणार होतं. तिच्या आजोबांनी, आबांनी, तसं ठरवलं होतं.

मी त्यांच्या वस्तीवर गेले. आबांच्या घरात पूर्वापार मेंढरं. तरुणपणी ते मेंढरांमागे रानोमाळ फिरले होते, मग नदीवर मोटार बसली आणि ते उसात स्थिरावले. तरी गोठ्याच्या कडेला चार मेंढ्या होत्याच, सवय म्हणून. त्यांनी मला बाजेवर बसवलं, चहा दिला आणि शांतपणे सांगितलं, "बाई, गाणं वाईट न्हाई. मेंढरांमागं आमीबी गायचो. पर ह्या पोरीनं नर्सिंगला जावं, पगार आणावा, असं मला वाटतंय. त्याला मार्क लागत्यात."

मी म्हटलं, आठवड्यातून दोनदा शाळा सुटल्यावर येऊ द्या, मार्कांना काही होणार नाही. मीही हट्टी आहे, बराच वेळ बोलत राहिले. शेवटी आबांनी तोडगा काढला. जानेवारीत दौंडला शाळांच्या गायन स्पर्धा होत्या. तिथं पहिल्या तिनात आली तर दहावीतही गाणं चालू. नाही आली तर बंद, आणि मग बाईंनी पुन्हा विषय काढायचा नाही. आत शीतल भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला. मी हो म्हणाले.

पुढचे दिवस आठवले की मला अजून हुरड्याच्या धुराचा वास येतो. शाळा सुटल्यावर आम्ही दोघी खिडकीपाशी बसायचो. ऊन तिरपं व्हायचं, कारखान्याकडून मळीचा आंबूस वास यायचा, आणि डीपीच्या आवाजावर शीतल भूप रागातलं गाणं बसवायची. चाल माझीच होती. पेटी मी फारशी वाजवत नसे, कारण पेटी आली की तिचं लक्ष तिकडे जायचं; डीपीवर ती मोकळी गायची. पहिला सा लावायच्या आधी ती खिडकीकडे किंचित मान वळवायची. विहिरीत पोहरा सोडण्याआधी माणूस आत डोकावतो तशी. त्या दिवसांत मी सुखी होते. शिकवणाऱ्याला असं सुख फार वेळा मिळत नाही, आणि मिळतं तेव्हा ते जाणार आहे हेही माहीत असतं.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही जीपनं पूल ओलांडून चौफुल्याला गेलो आणि तिथून एसटीनं दौंडला. आबा धुवट धोतर, फेटा अशा थाटात आले होते. दौंड म्हणजे जंक्शन. रेल्वेच्या शिट्ट्या सभागृहात पार स्टेजपर्यंत ऐकू यायच्या आणि गाणारी मुलं दचकायची. शीतल दचकत नव्हती. ती खिडक्या शोधत होती.

तिचं नाव पुकारलं. साथीला आलेल्या तरुणानं नव्या कोऱ्या पेटीवर काळी चार दिली. शीतलनं सवयीनं मान बाजूला वळवली. तिथे पडदा होता. तिनं डोळे मिटले आणि सा लावला. सा पेटीच्या खाली होता. साथीदार हुशार, त्यानं पटकन तिच्या लगेच खालची पांढरी पाच दाबली. आता सा पेटीच्या वर. तो पुन्हा काळी चारवर गेला, पुन्हा खाली आला, शेवटी त्यानं हात उचलून नुसतं गाणं ऐकत बसणं पत्करलं. शीतल गात राहिली. परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. एरवी कोणी पेटीला नावं ठेवली तर मीच म्हणाले असते, नाचता येईना अंगण वाकडं. त्या दिवशी मीच त्या नव्या पेटीकडे संशयानं पाहत होते.

परीक्षक बाई प्रेमळ होत्या. त्या म्हणाल्या, आवाजात गोडवा आहे, पण सूर पक्का नाही, पेटीबरोबर रियाज करा. नंबर अर्थातच नाही. बाहेर पेटीवाला तरुण माझ्याजवळ आला. त्याला राहवलं नसावं. "मॅडम, तुमच्या मुलीची पट्टी कुठली? पांढरी पाच आणि काळी चारच्या मधलीच कुठलीतरी आहे. पण एक सांगतो, पूर्ण गाण्यात ती तिथून हलली नाही."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आमची शाळेची पेटी जुनी. इतक्या वर्षांत तिचे सूर उतरले होते, आणि रोज तीच ऐकून माझे कानही तिच्याबरोबर उतरले होते. ती काळी चार, काळी चार राहिलीच नव्हती. म्हणून तर ती डीपीशी जुळत होती. आमची सगळी शाळा, पहिलीपासून नववीपर्यंत, एका अशा सुरात गात होती जो कुठल्याही पेटीवर नव्हता. असला घोळ आमच्या गावातच होऊ जाणे.

परतीच्या एसटीत शीतल खिडकीशी बसली होती. रडली नाही. आबांनी तिला स्टेशनाबाहेरून भेळ घेऊन दिली होती, ती तिनं पुडीतच ठेवली. चौफुल्याला उतरल्यावर आबा मला म्हणाले की आता दहावी, बाई. आवाजात राग नव्हता, विजयही नव्हता. बोलणं झालं होतं तसं ते वागत होते, एवढंच.

तरी दोन दिवसांनी मी वस्तीवर गेले. विषय काढायचा नाही हे ठरलेलं असूनही काढला. पेटी, डीपी, उतरलेला सूर, सगळं सांगितलं. आबा मेंढीच्या पायातला काटा काढत होते. त्यांनी काटा काढला, बाजूला टाकला आणि विचारलं, "म्हंजी पोरगी चुकली न्हाई?"

"नाही."

"मग पेटी चुकली?"

"तीही नाही. दोघी आपापल्या जागी बरोबर होत्या."

"आन् परीक्षेत कुणाचं धरत्यात?"

मी म्हटलं, पेटीचं.

"मग झालं तर," आबा म्हणाले आणि दुसरी मेंढी धरली. त्या तीन शब्दांवर मी त्यानंतर कितीदा तरी विचार केला आहे. माणूस अडाणी असता तर मी भांडले असते. पण जगात पेटीचं धरतात हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं, आणि नातीला त्या जगात पाठवायचं होतं.

दहावीत शीतल माझ्याकडे आली नाही. शाळेच्या मैदानात दिसायची, हसायची, पुस्तक छातीशी धरून निघून जायची. मी नवी पेटी मागितली, ती यथावकाश मिळाली. पुढच्या वर्षांत माझी मुलं दौंडला जाऊन नंबरही घेऊन आली. बक्षिसं कपाटात ठेवताना मला बरं वाटायचं, पण मनात नेहमी तोच प्रश्न यायचा. दहावीपर्यंत मुलांच्या गळ्यात आपण काय ठेवतो आणि त्यातलं काय उरतं? गणित उरतं, निदान बाजारात पैसे मोजण्यापुरतं. मराठी उरते. संगीताचं काय? पालथ्या घड्यावर पाणी घालायला आपण पगार घेतो की काय, असं वाटायचं. आणि असं वाटलं की डोळ्यांपुढे शीतल यायची, मान किंचित वळवून पडद्याकडे पाहणारी.

नंतर ती डीपी शाळेच्या भिंतीपासून हलवली. मुलांच्या सुरक्षेसाठी ते योग्यच होतं. वर्ग शांत झाला आणि मला कितीतरी दिवस उगाच बहिरं झाल्यासारखं वाटत होतं. मग माझी बदली तळेगावला झाली. शीतलचं नर्सिंग झालं, लग्न झालं, एवढं कानावर आलं. आबाही गेले.

आता सगळं सोपं झालं आहे. तानपुरा मोबाइलमध्ये असतो. मुलं मला बाई म्हणत नाहीत, मॅडम म्हणतात. पेटी कोणती, पट्टी कोणती, बोट फिरवलं की हवा तो सा तयार. दर वर्षी पहिलीत नवी तोंडं येतात आणि ओरडायला लागतात, तेवढं मात्र बदललेलं नाही.

यंदाच्या डिसेंबरात एक नवी मुलगी पहिलीत आली. नाव ईश्वरी. कुटुंब शिक्रापूरहून इकडे राहायला आलं म्हणून वर्षाच्या मधेच दाखला. मी फोनवर काळी चार लावली होती आणि सगळे "आ" म्हणत होते. त्या गोंगाटात एक बारीक आवाज वेगळा ऐकू आला. सगळ्यांच्या जरा खाली, आणि स्थिर. मी सवयीनं तिच्याजवळ गेले, फोन तिच्या कानाशी धरला. ती हसली आणि होती तिथेच राहिली.

मी तानपुरा बंद केला. बाकीच्यांना हातानं थांबवलं. ईश्वरीचा आवाज एकटाच उरला. पांढरी पाच आणि काळी चारच्या मधली ती जागा मला डोळे मिटून ओळखता येते. मी तिला विचारलं, हे कोणी शिकवलं. ती म्हणाली, "मम्मीनं. फ्रिज वाजायला लागला की आमी दोघी म्हणतो."

शाळा सुटल्यावर मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. स्कूटीवरून एक बाई आली. दवाखान्याचा पांढरा कोट अंगात, हेल्मेटखाली स्कार्फ. तिनं हेल्मेट काढलं, माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या तोंडून "बाई" एवढंच निघालं. किती वर्षांनी कोणीतरी मला बाई म्हणत होतं.

मग आम्ही रस्त्याच्या कडेलाच बोलत बसलो. ईश्वरी स्कूटीवर बसून बिस्किटं खात होती. मी म्हटलं, मला वाटलं होतं दहावीत तुझं गाणं बंद झालं. शीतल हसायला लागली.

"आबांनी गाणं बंद केलं व्हतं बाई. डीपी कुठं बंद केली व्हती? सायकलची साखळी पडली म्हणायचं आन् भिंतीपाशी थांबून गायचं. दहावीत माझी साखळी लई पडायची."

मी विचारलं, आबांना कळलं नाही?

"कळलं व्हतं. एकदा साखळी बघायला आले. साखळी जाग्यावरच. माझ्याकडं बघितलं, मग वर डीपीकडं बघितलं, आन् तसेच माघारी गेले. घरी आईला म्हणाले, पोरीला यायला उशीर झाला तर बोलत जाऊ नका."

आबांच्या त्या "मग झालं तर"चा राग मी इतकी वर्षं कुठेतरी जपून ठेवला होता. तो तिथे रस्त्यावरच विरघळला. मी तिला विचारलं की लग्नानंतर काय केलं, तिथे डीपी कुठली. ती म्हणाली, "आवो, लाइटीचा सूर सगळीकडं त्योच. फ्रिजमधी हाय, गिरणीत हाय, पाण्याच्या मोटारीत हाय. नाइट ड्यूटीला वॉर्डातल्या मशिनीतबी सापडतो. तुमी दिलेला सा मला कुठं सोडून गेलाच न्हाई."

खरंच की. गावोगावी तीच वीज, म्हणून तीच गुणगुण. एवढी वर्षं सूर शिकवून मला हे सुचलं नव्हतं. मी घरी जाऊन फ्रिजसमोर उभी राहिले आणि तो वाजायला लागण्याची वाट पाहिली. नवरा म्हणाला, दूध नासलंय का. मी त्याला गप्प राहायला सांगितलं.

निघताना शीतलनं मला एक गोष्ट सांगितली होती. स्कूटी सुरू करून पुन्हा बंद केली आणि म्हणाली, "बाई, हिला पेटीचा सा बी शिकवा. कवातरी दौंडला जायचंच हाय. पर ह्यो मोडू नका."

मी नुसती मान हलवली. दोन्ही कसं शिकवायचं हे मला अजून नीट माहीत नाही. शिकेन.

दुसऱ्या दिवशी पहिलीच्या तासाला मी फोन पर्समधून काढलाच नाही. मुलं माझ्याकडे पाहत राहिली. कोणीतरी म्हणालं, मॅडम, तानपुरा. मी ईश्वरीला पुढे बोलावलं आणि वर्गाला सा द्यायला सांगितलं. तिनं दोन्ही हात मागे बांधले, मान जराशी वळवली आणि सा लावला. तेवढ्यात बाहेरून उसाचा ट्रॅक्टर दणदणत गेला, खिडकीची काच थरथरली, अर्धा वर्ग तिकडे पाहायला लागला. ती हलली नाही. मग एकेक करत सगळ्यांनी तिच्यात आवाज मिसळला, आणि मीही.